इंजिन मोठे की गाडी हलकी?

विशेष प्रतिनिधी

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाले, तेव्हा चर्चा झाली ती स्वस्त झालेल्या छोट्या मोटारींची आणि दुचाकींची. ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच वेळी ३५० सीसीपुढच्या मोटरसायकलींवरील कर, जो अधिभार धरून ३१ टक्के होता, तो ४० टक्क्यांवर गेला. ऐपतदार शौकिनांवरचा हा बोजा आहे, असे म्हणून हा विषय तेथेच संपला. परंतु या रेषेच्या वरच्या बाजूला आणखी एक छोटा वर्ग उभा आहे. तो म्हणजे स्वतःच्या हाताने शर्यतीची हलकी गाडी बांधणाऱ्यांचा. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत रात्र रात्र जागणारे विद्यार्थी त्यात बहुसंख्येने आहेत. त्यांच्या गाडीचे हृदय असते ते बहुधा मोटरसायकलचे इंजिन.

दरवर्षी नवी गाडी बांधताना या मुलांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. इंजिन बदलावे की आहे तेच सुधारावे? प्रश्न तांत्रिक वाटला, तरी त्यात वर्षभराचे कष्ट, प्रायोजकांकडून आणि अनेकदा पालकांच्या खिशातून आलेले काही लाख रुपये आणि गाडी चालवणाऱ्याची सुरक्षितता पणाला लागलेली असते. म्हणूनच त्याचा विचार केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावर होऊ नये.

कराने घडवलेली गाडी

घरी बांधायच्या हलक्या गाडीचा आणि कराचा संबंध जुना आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘सेव्हन’ ही गाडी आणली. तयार मोटारीवर तेथे खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. त्यामुळे अनेकांनी संच विकत घेऊन गाडी घरीच जोडली. तिचे सुरुवातीचे इंजिन होते फोर्डचे साधे ११७२ सीसीचे, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. तरीही त्याहून कितीतरी ताकदवान गाड्यांना ती वळणांवर मागे टाकत असे, कारण तिच्यात अनावश्यक असे काहीच नव्हते. १९७३ मध्ये ब्रिटनने मूल्यवर्धित कर आणला आणि संचाची करसवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. गाडी मात्र आजही बनते.

आपल्याकडे अशी गाडी रस्त्यावर आणणे जवळजवळ अशक्य आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधील निकाल यांनी, उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करण्यास मनाई केली आहे. त्यामुळे घरची गाडी उरते ती शर्यतीच्या ट्रॅकपुरती. तेथेही आपली एक परंपरा आहे. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन वापरून शर्यतीची परवडणारी गाडी घडवली आणि भारतीय तरुणांना हा खेळ खुला केला. पुढे त्याच शहरातील एलजीबी मालिकेने स्विफ्टचे १३०० सीसीचे इंजिन स्वीकारले. दोन्ही वेळा निकष एकच होता. इंजिन असे हवे, की ज्याचा सुटा भाग कोणत्याही गावात मिळेल.

कागदावरचा हिशेब

कोइम्बतूरमध्ये भरणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत इंजिन ७१० सीसीपर्यंतचे चालते. मात्र आत जाणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका तोटीतून जावी लागते. म्हणजे इंजिन कितीही मोठे घेतले, तरी त्याला श्वास तेवढाच मिळतो.

संघांपुढे ढोबळमानाने दोन पर्याय असतात. एक, पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारे केटीएम ३९० चे एका सिलिंडरचे इंजिन. मूळचे ३७३ सीसीचे हे इंजिन २०२३ मध्ये ३९९ सीसीचे झाले. मोटरसायकलवर ते सुमारे ४५ अश्वशक्ती देते आणि त्याचे वजन चाळीस किलोहून कमी आहे. दुसरा पर्याय परदेशी बनावटीच्या ६०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा.

चालकासह २७० किलो भरणारी गाडी धरू. तोटी लावल्यावर एका सिलिंडरच्या इंजिनातून ४० अश्वशक्ती मिळाली, तर टनामागे सुमारे १४८ अश्वशक्ती पडते. चार सिलिंडरचे इंजिन ७५ अश्वशक्ती देईल. पण इंजिन, मोठा रेडिएटर, जास्त इंधन आणि मजबूत मागचा आस मिळून वजन तीस किलोंनी वाढेल. तरीही टनामागे २५० अश्वशक्ती होते. कागदावर चार सिलिंडरचे इंजिन सरळसरळ जिंकते, हे मान्यच करावयास हवे.

मग अनेक भारतीय संघ एका सिलिंडरलाच का चिकटून आहेत? केवळ पैसा हे त्याचे उत्तर नाही. या स्पर्धेचा मार्ग शंकू मांडून आखलेला, अरुंद आणि वळणावळणांचा असतो. तेथे पूर्ण ताकद वापरण्याची संधी क्षणभराची मिळते. इंजिनाची ताकद फक्त गाडी पळवताना कामाला येते. वजन मात्र पळवताना, थांबवताना आणि वळवताना अशा तिन्ही वेळा मोजावे लागते. शिवाय गुणांचा मोठा वाटा असतो सुमारे २२ किलोमीटरच्या सहनशक्तीच्या फेरीला. तेथे गाडी थांबली, की वर्षभराची मेहनत रिकाम्या रकान्यात जाते. परदेशी इंजिनाचे एक गॅस्केट फाटले तर महिना वाट पाहावी लागते. चाकणच्या इंजिनाचे गॅस्केट नाना पेठेत त्याच दिवशी मिळू शकते.

आधी काय सुधारावे?

मोटरसायकलचे इंजिन गाडीत बसवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. मोटरसायकल वळणावर झुकते, त्यामुळे चेंबरमधले ऑइल जागेवर राहते. गाडी झुकत नाही. लांब वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला जाते, पंप हवा ओढू लागतो आणि काही क्षणांत बेअरिंग जाते. तेव्हा पहिली सुधारणा चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवून ऑइल अडवण्याची असली पाहिजे. दुसरी रेडिएटरची, कारण मोटरसायकलवर समोरून लागणारा वारा गाडीत आडोशाला बसवलेल्या इंजिनाला मिळत नाही.

तिसरी सुधारणा सर्वांत स्वस्त आहे. ताशी दीडशेपेक्षा अधिक वेगासाठी आखलेली गिअरची मांडणी, ताशी शंभरच्या आसपासच थांबणाऱ्या गाडीला निरुपयोगी ठरते. मागचे स्प्रॉकेट अधिक दातांचे लावले, तर वरचा वेग घटतो. पण चाकावरचा जोर दीडपटीपर्यंत वाढवता येतो. हा बदल काही हजार रुपयांत होतो. त्यानंतर इंधन आणि ठिणगीचे नियंत्रण करणाऱ्या ईसीयूची नव्याने जुळणी करावी. कॅमशाफ्ट, पिस्टन आणि टर्बो यांचा क्रमांक त्यानंतरचा. टर्बोने ताकद वाढते हे खरे. पण त्याबरोबर उष्णताही वाढते आणि ती झेलण्यासाठी पुन्हा वजन वाढवावे लागते.

आटत चाललेला झरा

मोटारीच्या इंजिनाकडे वळावे, तर तो मार्गही अरुंद होत आहे. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडरचे इंजिन आले आणि ताकद सुमारे ९० वरून ८२ अश्वशक्तीवर आली. इंधनबचतीच्या दृष्टीने हे योग्यच झाले. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यावर इंजिन, चावी, संवेदक आणि संगणक एकमेकांत असे गुंतले आहेत, की कुर्ल्याच्या भंगार बाजारातून नुसते इंजिन उचलून आणले, तर ते सुरूदेखील होत नाही. तेव्हा वेगळा ईसीयू आणि नवे वायरिंग घेणे आले. त्याचा खर्च कधी कधी जुन्या इंजिनाहून जास्त होतो.

विजेचा पर्याय समोर आहेच. मुंबई आयआयटीच्या संघाने २०१२ मध्येच विजेवरची गाडी बांधली आणि पुढे ब्रिटनच्या स्पर्धेतही उतरवली. या वर्गात ८० किलोवॉट, म्हणजे सुमारे १०७ अश्वशक्तीपर्यंत मुभा आहे आणि हवेच्या तोटीचा प्रश्नच नाही. मात्र बॅटरीचे वजन, तिची किंमत आणि उच्च दाबाच्या विजेची सुरक्षितता हे प्रत्येक महाविद्यालयाला पेलणारे नाही. आज इंजिनच्या गाडीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला उद्या नोकरी कदाचित विजेच्या वाहनांच्याच कारखान्यात मिळेल, हेही विसरून चालणार नाही. पण वजन, उष्णता आणि विश्वासार्हता यांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच करावा लागतो आणि खरे शिक्षण तेच आहे.

करसुधारणेत वाहनांच्या सुट्या भागांवरील कर १८ टक्क्यांवर आला, हा त्यातल्या त्यात दिलासा. त्यामुळे पूर्ण मोटरसायकल विकत घेऊन ती मोडण्यापेक्षा सुटे इंजिन किंवा त्याचे भाग घेणे संघांना अधिक परवडावे. परंतु कर वाढो वा कमी होवो, मोठे इंजिन घेण्याचा मोह दरवर्षी होणारच. तो आवरण्यासाठी कार्यशाळेतल्या मार्गदर्शकांनी इंजिनाच्या किमतीआधी वजनकाटा मागवावा. पाच किलो कमी करण्यासाठी बहुधा करवत आणि थोडा विचार पुरतो. पाच अश्वशक्ती वाढवण्याचा खर्च मात्र लाखांत जाऊ शकतो आणि त्यानंतरही गाडी शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचेल, याची हमी कोणी देत नाही.