कूलर, खिडकी आणि नाइटिंगेलबाई



‘वॉर्डांची रंगरंगोटी नको, औषधे द्या’ हे पत्र वाचले. औषधे हवीतच. पण रुग्णाच्या भोवतालाला रंगरंगोटी म्हणणे मला मान्य नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘भारत दौऱ्यात’ भोवतालाचा हा विचार मांडला, असे पत्रलेखक लिहितात. त्या भारतात कधी आल्याच नाहीत. इथल्या आरोग्यावर लिहिले ते इंग्लंडमध्ये बसून. ‘खिडक्या उघडण्याचा त्यांचा हट्ट नागपूरच्या मे महिन्यात कुचकामी’ हेही अर्धवट. त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये हवा ताजी हवी, पण रुग्ण गारठू नये, असे दोन्ही आहे. आपल्याकडे गारठ्याच्या जागी झळा धरा: पहाटे खिडक्या सताड उघड्या, दुपारी वाळ्याची ताटी. आणि कूलर? खिडकी उघडी नसेल तर तो वॉर्ड दमट करतो, अंगाखालची चादर चिकट होते. हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे! टाकीतले पाणी आठवडाभर बदलले नाही की डेंग्यूचे डास, तोही भोवतालच.

पुरावा विचारला आहे. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांची तुलना छापली. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, तीव्र वेदनाशामकेही त्यांना कमी लागली. नमुना लहान, कबूल.

नातेवाइकांच्या गर्दीबद्दलची तक्रार तेवढी रास्त. पण परिचारिका पुरेशा नसतील तर बेडपॅन कोण देणार?

– एक निवृत्त परिचारिका, नागपूर