डिस्क दिसते, पण घेत नाही!

‘विंडोज कॅनॉट बी इन्स्टॉल्ड टू धिस डिस्क.’ जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकून त्याला पळवायला निघालेल्या अनेकांची गाडी याच स्टेशनवर अडकते. डिस्क समोर दिसतेय, साइज बरोबर आहे, पण ‘नेक्स्ट’चं बटण काही पेटत नाही. मग काय, टेन्शन! दुकानदार म्हणतो, ‘एसएसडी गेली, नवीन घ्या.’

दोस्तहो, थांबा. आधी तो मेसेज शेवटपर्यंत वाचा. त्यात पुढे लिहिलेलं असतं की डिस्क ‘जीपीटी’ स्टाइलची आहे. म्हणजे डिस्क ठणठणीत आहे, भांडण वेगळंच आहे.

फंडा असा. लॅपटॉप सुरू होण्याच्या दोन पद्धती असतात: जुनी बायोस, जिला सेटिंगमध्ये ‘लेगसी’ म्हणतात, आणि नवी यूईएफआय. विंडोजला लेगसीत एमबीआर मांडणीची डिस्क लागते आणि यूईएफआयमध्ये जीपीटी. जोडी जुळली नाही की विंडोज हात वर करतं. साधारण २०१२ नंतरच्या, विंडोज ८ च्या जमान्यातल्या बऱ्याच लॅपटॉप्सना दोन्ही पद्धती येतात. लोच्या इथेच होतो!

माझ्या मावसबहिणीने काकांच्या २०१३ सालच्या लॅपटॉपमध्ये स्वतःची वापरलेली एसएसडी बसवली. जुनी हार्ड डिस्क डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत गेली. त्या हार्ड डिस्कवर काकांचे गडकिल्ल्यांचे दहा वर्षांचे फोटो. दुसरी कॉपी? कुठेच नाही. रात्री साडेदहाला तिचा फोन. ‘ताई, नेटवर सगळे सांगतायत डिस्कपार्ट उघड आणि क्लीन मार. मारू?’

‘अजिबात नको!’

कारण दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या. इन्स्टॉलरमध्ये दोन्ही ४६५ जीबी दिसतात, नावं नुसती डिस्क ० आणि डिस्क १. चुकीचा आकडा निवडला की ‘क्लीन’ क्षणात सगळी पार्टिशन्स उडवतं, आणि ‘नक्की का?’ असं विचारतही नाही. नेटवरचे सल्लागार क्लीनचा सल्ला इतक्या सहज देतात की जाम राग येतो. फोटो त्यांचे नसतात ना!

आधी लॅपटॉप बंद करून कॅडी बाहेर काढायला लावली. विंडोज टाकताना दुसरी डिस्क काढून ठेवणं तसंही बरं. नाहीतर बूटची फाइल भलत्याच डिस्कवर जाऊन बसू शकते. मग बूट मेन्यू उघडला. कुणाकडे एफ १२, कुणाकडे एफ ९, कुणाकडे एस्केप, कंपनीगणिक बटण वेगळं. तिथे एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता, एकदा साधा आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लिहिलेला. आधी साधा निवडला गेला होता. दुसरा निवडल्यावर तीच ‘गेलेली’ एसएसडी निमूट तयार! काहीही न पुसता.

लॅपटॉप यूईएफआयच्या आधीचा असेल, तर मात्र क्लीन आणि एमबीआर करण्यावाचून इलाज नाही. अर्थात बॅकअप घेऊन आणि एकच डिस्क आत ठेवून. आणि डिस्क मुळात दिसतच नसेल तर बायोसमध्ये साटा मोड बघा. तो ‘रेड’वर असेल तर ‘एएचसीआय’ करून पाहा. हे विंडोज टाकण्याआधी करायचं, नंतर बदललात तर निळ्या स्क्रीनचं दर्शन घडू शकतं.

विंडोज १० बसलं खरं, पण त्याचा नेहमीचा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत अटींत हा प्रोसेसर बसत नाही. काका नेटबँकिंग करतात. म्हणून रविवारी तिथे लिनक्स मिंट टाकलं, पेनड्राइव्ह यूईएफआयनेच सुरू करून. फोटोंची एक कॉपी पोर्टेबल डिस्कवर घेतल्यावरच कॅडी परत आत गेली.

काकांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘सॉलिटेअर कुठंय?’