मोरगाव आमचेही, पण गाण्यातले नव्हे

गणेशोत्सव आला की ‘अष्टविनायक’ चित्रपटाची आठवण निघतेच. कुठे दूरचित्रवाणीवर, कुठे मंडळाच्या भोंग्यावर त्याची गाणी वाजू लागतात. त्या आठ देवळांच्या गाण्यात मोरगावचे नाव आले की आमच्या गोंदिया जिल्ह्यातली पोरे हटकून विचारतात, ‘म्हणजे आपलं अर्जुनी-मोरगाव का?’ नाही बाबा, ते बारामती तालुक्यातले, कऱ्हेकाठचे मोरगाव. पोरांचा चेहरा पडतो, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांचाही थोडा पडतो.

चित्रपट १९७९ सालचा. निर्माते शरद पिळगावकर. सचिन आणि वंदना पंडित ही जोडी. देव न मानणारा नायक अखेरीस यात्रेला निघतो, ही कथा सर्वांना पाठ आहे. माझ्या मते चित्रपटाचे खरे वैभव जगदीश खेबूडकरांच्या त्या लांबलचक गाण्यात आहे. स्टुडिओत पुठ्ठ्याचे देऊळ उभारूनही भागले असते; पण ही मंडळी थेट मूळ क्षेत्री गेली आणि नामवंत कलावंतांना साध्या भाविकांसारखे उभे केले. त्यामुळे त्या वेळची देवळे, पायऱ्या, दीपमाळा फितीवर टिकून राहिल्या. आज त्या परिसराचे रूप पुष्कळ बदलले आहे. जुने रूप पाहायचे तर गाणे लावावे!

यात आपला वाटा किती, हे मात्र आपणच विसरतो. दिग्दर्शक राजदत्त जन्माने अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावचे. २०२४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. नायिकेच्या वडिलांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे, जन्म मूर्तिजापूरचा आणि गाण्याची जडणघडण नागपूरची. त्यांची गणेशवंदना आजही पूजेच्या वेळी लागते. इतकेच काय, आमची गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस दौंडला थांबते आणि तिथून भीमाकाठचा सिद्धटेक जवळच आहे. रात्रभर गाडीत अंग आखडून आमची माणसे त्या गाण्यातले देव पाहायला जातात.

आणि आपल्याकडे? विदर्भाचेही अष्टविनायक आहेत, हे पुण्याकडे सोडा, गोंदियातल्या अनेक घरांनाही ठाऊक नसते. नागपूरची टेकडी, आदासा, रामटेकचा अठरा हातांचा, केळझर, भद्रावती, जमिनीखाली पायऱ्या उतरून गाठायचा कळंबचा चिंतामणी. आणि उरलेले दोन भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या अंगणात. एक भंडाऱ्याजवळ मेंढ्याचा भृशुंड, दुसरा पवनीचा पाच मुखांचा. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत हे दोन्ही आमच्याच जिल्ह्यातले देव! पण त्यांच्या वाट्याला असे घराघरांत पोचणारे गाणे आले नाही.

‘देवाला सिनेमा कशाला?’ असे कोणी म्हणेल. देवाला नकोच. पश्चिमेकडची यात्रा चित्रपटाच्या आधीपासून नामांकित होती, हेही कबूल. पण देवळाची डागडुजी होते, दगडावर रंग बसतो, फरशी येते आणि आधी काय होते हे सांगणारा म्हाताराही एक दिवस जातो. तिकडच्यांकडे निदान गाणे आहे. आपल्याकडे काय, कुणाच्या लग्नाच्या अल्बममधला एखादा फोटो?

बरे, कलावंतांची वाण आहे म्हणावे, तर झाडीपट्टीत तीही नाही. अर्जुनी-मोरगावहून रेल्वेने पुढे गेले की वडसा. तिथल्या नाटकमंडळ्या रात्ररात्र हजारोंचा समाज बसवून ठेवतात. त्यांच्यातलाच कोणी लिहील, कोणी चाल लावील. मुंबईच्या निर्मात्याची वाट कशाला पाहायची? फक्त दिवाळीनंतर त्यांच्या तारखा लागतात, मग कुणाला सवड नसते. काम करायचे तर भाद्रपदातच गाठावे. पवनीच्या घाटावर तेव्हा वैनगंगाही भरलेली असते.