दाणा निःपक्ष, वाचणारा नव्हे

सुरगाणा तालुक्यातल्या कोकणा आणि वारली पाड्यांवर आजाराचे कारण शोधायला भगताला, म्हणजे पाड्यावरच्या पारंपरिक जाणत्याला, लागते ते एक सूप आणि मूठभर दाणे, तांदळाचे नाहीतर नागलीचे. सुपातले दाणे न्याहाळत, देवांची आणि पूर्वजांची नावे घेत तो कोणाचा कोप झाला ते सांगतो. दाणा इथे केवळ साधन नाही. तो पोटाला लागतो, पेरणीला लागतो आणि कणसरी, म्हणजे धान्यदेवी, म्हणून पुजलाही जातो. असाच कौल दूर आफ्रिकेतही लावतात: कॅमेरूनमधल्या बामिलेके लोकांत आणि त्यांच्या शेजाऱ्यांत जमिनीत राहणाऱ्या कोळ्याच्या बिळाशी खुणा केलेली पाने ठेवतात आणि त्याने ती कशी हलवली, यावरून उत्तर लावतात. दोन्हीकडे हेतू एकच: भाऊबंदकीत, भांडणात ज्याचा काही स्वार्थ नाही अशाकडून निवाडा मिळावा. पण दाणा निःपक्ष असला तरी तो वाचणारा माणूसच असतो. देवाचा कोप निघाला तर घर नवस फेडते, भावकी एकत्र येते. तोच दोष शेजारच्या एकट्या विधवेवर ठेवला, ती भुताळीण ठरली, की त्याच सुपातून अत्याचार सुरू होतो.

दाण्यांना दोष न देणे ही अंधश्रद्धेला दिलेली सवलत आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात झालेला जादूटोणाविरोधी कायदाही सुपाला गुन्हेगार ठरवत नाही. एखाद्यावर करणीचा आळ घेणे, साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र घालत बसणे, हे त्यात गुन्हे आहेत. शिवाय लग्नाआधी पत्रिका जुळवणाऱ्या शहरी घरांनी पाड्यावरच्या दाण्यांना हसावे, यात न्याय नाही. उलट बाजूने आक्षेप येतो की आदिवासींच्या रीतीत बाहेरच्यांनी ढवळाढवळ करू नये. पण जिच्यावर आळ येतो ती बाईही त्याच पाड्याची, त्याच समाजाची असते. तिच्या जिवापेक्षा कोणतीही रीत मोठी नाही.

म्हणून आरोग्य खात्याने भगताला शत्रू न मानता सोबत घ्यावे. मेळघाटात भूमकांकरवी, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूंकरवी, रुग्ण दवाखान्यात आणण्याचा प्रयत्न झाला आहे, तो मार्ग सुरगाण्यातही चालण्याजोगा आहे. सूप, दाणे आणि त्यांच्याभोवतीचे ज्ञान जाणत्यांकडून नोंदवून घ्यावे. मात्र दाण्यांच्या नावाखाली एखाद्या बाईवर बोट रोखले गेले, तर गावाने गप्प न बसता पोलिसांत फिर्याद द्यावी.