जुन्या गाडीचा खरा भाव
एव्हरशाईन सिटीत पाच पावसाळे उभी असलेली कॉन्टेसा बघायला आम्ही दोघे भाऊ गेलो. हिंदुस्थान मोटर्सची ही लांबरुंद गाडी २००२ नंतर बंदच झाली. विकणाऱ्या खाला म्हणाल्या, "भंगारवाला देईल तेवढेच द्या, बेटा."

आम्ही मॅट उचलून तळाचा पत्रा पाहिला. दारांखाली लोहचुंबक फिरवले. जिथे चिकटले नाही, तिथे पुट्टी होती. ऑइल दुधाळ नव्हते, म्हणजे इंजिनात पाणी शिरले नव्हते. चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळला. चालत्या कॉन्टेसाच्या भावातून पत्रा, ब्रेक, टायर आणि नोंदणी नूतनीकरणाचा खर्च वजा केला. तरी भंगाराच्या दुपटीहून जास्त रक्कम उरली. तीच आम्ही खालांना सांगितली. समोरच्याच्या अजाणतेपणातून वाचवलेल्या पैशाला बरकत नसते.