घरचे जेवण म्हणजे कोणाचे?

‘घरच्या जेवणाची सर कशाला येत नाही,’ हे वाक्य मी आजवर किती वेळा उच्चारले असेल, त्याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक. शाळेत मास्तर असताना मुलांचे डबे बघत हिंडताना उच्चारले, लग्नाच्या पंगतीत उच्चारले, आणि मुलाने ठाण्याला बिऱ्हाड केले तेव्हा सूनबाईंच्या देखत अंमळ मोठ्यानेच उच्चारले. वाक्य खोटे नाही. मला ते आजही खरे वाटते. पण खरे वाक्यसुद्धा बोलण्याचा अधिकार लागतो आणि तो माझ्याजवळ नव्हता, हे मला गेल्या दिवाळीत कळले. कळलेली गोष्ट पोटात ठेवणे मास्तरकी केलेल्या माणसाला जमत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. माझे समवयस्क मित्र तो वाचून रागावतील. खुशाल रागवोत. हा लेख त्यांच्यासाठीच आहे.

गेल्या वर्षी भाऊबीज आटोपली तरी मुलांच्या शाळा उघडायला अवकाश होता. चिरंजीव, सूनबाई, नात आणि नातू असे चौघेजण आमच्या साताऱ्याच्या घरी आणखी आठवडाभर राहिले. फराळाच्या डब्यांचे बूड दिसू लागले होते आणि गोडाधोडाचा सर्वांनाच उबग आला होता. चार दिवस करंज्या-चकल्या खाल्लेल्या माणसाला पिठले-भात म्हणजे अमृत वाटते, हा अनुभव कोणत्या मराठी घराला नाही? असा मोका साधून मी जाहीर केले, ‘या आठवड्यात रात्रीचे जेवण रोज घरचेच होईल. सगळे एका पंगतीला बसतील. फोनवरून काही म्हणता काही मागवायचे नाही.’ ही घोषणा मी झोपाळ्यावर बसून केली, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आठवडा मोठा झकास सुरू झाला. सोमवारी पिठले, ज्वारीची भाकरी आणि लसणीची चटणी. मंगळवारी वरणफळे, वर तुपाची धार. बुधवारी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. दिवसा मुलांनी अंगणातला किल्ला डागडुजी करून पुन्हा उभा केला. समोर अजिंक्यतारा दिसत असल्याने नमुना शोधायला लांब जावे लागत नव्हते. किल्ल्यावर पेरलेले अळीव तरारून वर आले होते. दुपारी पत्त्यांचा डाव पडे, संध्याकाळी चिरंजीव मुलांना घेऊन फिरायला जात आणि येताना कंदी पेढे आणीत. मी दिवाळी अंक वाची. सारे कसे चित्रातल्यासारखे होते. एकत्र कुटुंब मोडले म्हणून गळा काढणाऱ्यांना इथे आणून दाखवावे, असे मला वाटू लागले.

गुरुवारी रात्री मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेले पापड होते. नात चौथीत आहे. शाळेने ‘माझ्या सुट्टीतला एक आठवडा’ लिहून आणायला सांगितले होते. पोरीने वहीत रीतसर रकाने पाडले होते : वार, रात्री काय जेवलो, आणि दिवसभर कोणी काय केले. तिला म्हटले, वाच बघू. ती वाचू लागली.

‘सोमवार. पिठले-भाकरी. मी आणि दादा : किल्ल्याची माती चाळली. बाबा : झोपले. आई : लॅपटॉपवर ऑफिसचे काम केले, मग कांदा चिरला. आजोबा : दिवाळी अंक वाचला. आजी : पिठले-भाकरी. मंगळवार. वरणफळे. मी आणि दादा : मावळे रंगवले. बाबा : आम्हाला फिरायला नेले. आई : लॅपटॉप, मग कणीक मळली. आजोबा : दिवाळी अंक वाचला. आजी : वरणफळे. बुधवार…’

बुधवारी आजीच्या पुढे थालीपीठ होते. सगळे हसले. मीही हसलो. नातीने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारले, ‘आजी, आज तुझ्यापुढे काय लिहू?’ आतून उत्तर आले, ‘खिचडी लिही.’ एका पंगतीला बसायचे असे मी फर्मावले होते खरे. पण चार दिवस ही आमच्याबरोबर पंगतीला बसली नव्हती आणि ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. माझ्या तर नाहीच नाही. तिचे पान मांडलेले असे. ती मात्र गरम भाकरी आणायला आत गेलेली असे.

त्या रात्री मी पहिल्यांदाच घड्याळ लावून पाहिले. संध्याकाळी साडेपाचला ती ओट्याशी उभी राहिली होती. ओटा पुसून, दुधाला विरजण लावून बाहेर आली तेव्हा दहा वाजून गेले होते. दुपारी ‘रात्रीला काय करू?’ हा जो प्रश्न ती विचारते, तो या हिशेबात धरलेला नाही. या प्रश्नाला मी गेली पंचेचाळीस वर्षे ‘काहीही कर’ असे उदार उत्तर देत आलो आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्रा’त १९१० साली एक हजार पाकक्रिया छापल्या गेल्या, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० पासून घरोघरी गेली; पण ‘काहीही’ नावाचा पदार्थ कसा करतात, हे सांगणारे पुस्तक अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमच्या एका घरावरून साऱ्या मुलखाचे माप काढू नका. ठीक आहे, मुलखाचेच माप घेऊ. माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केली. घरकामात भाग घेणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. भाग घेणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. ‘भाग घेणाऱ्या’ हे शब्द नीट वाचावेत. झोपाळ्यावरचे पुरुष या सरासरीत आलेलेच नाहीत. याच पाहणीत २०१९ साली हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे कमी झाली न झाली, तोच आपण आपलीही नऊ मिनिटे कमी करून घेतली. समानतेची एवढी तत्परता आपण दुसऱ्या कोठे दाखवल्याचे मला स्मरत नाही.

आता माझ्या मित्रांचे आक्षेप घेतो. ते मला पाठ आहेत, कारण कालपरवापर्यंत ते माझेच होते.

पहिला आक्षेप असा की, पूर्वीच्या बायका वीस-वीस माणसांचा स्वयंपाक हसत करीत. आमच्या घरी माझी थोरली आत्या हा स्वयंपाक करी. विसाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले आणि ती माहेरी परतली ती चुलीपुढे बसली. तिच्या हाताला विलक्षण चव होती. गावातले लोक तिच्या आमटीची वाखाणणी करीत. मीही शाळेत मुलांना तिच्या आमटीचे वर्णन करून सांगे. पण आत्याला जेवताना मी कधी पाहिले, हे आठवू लागलो तर एकही चित्र डोळ्यांपुढे येत नाही. ती कधी जेवत असे, काय उरत असे, तिला स्वतःला काय आवडे, मला ठाऊक नाही. आम्ही कोणी तिला कधी विचारले नाही. तिला दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती, म्हणून ती चुलीपाशी होती. आणि आम्ही तिच्या त्या असहायतेला ‘घरची चव’ म्हणत होतो. जुन्या घराची महती गाताना अशी एखादी आत्या, मावशी, काकू प्रत्येकाने आपल्या वाड्यात शोधून पाहावी. हटकून सापडेल.

दुसरा आक्षेप, ‘तिला आवड आहे हो!’ आहे ना. आमच्या हिला स्वयंपाकाची खरोखरच आवड आहे. पण तिला वाचनाचीही आवड आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळी म्हणजे फराळ आणि अंक हे समीकरण ठरून गेले आहे. आमच्या घरात फराळ तिचा आणि अंक माझा अशी त्याची वाटणी झाली. लक्ष्मीपूजनापर्यंत माझे दोन अंक वाचून होतात. तिच्या हातात पहिला अंक पडतो तो संक्रांतीच्या सुमारास, तोवर शब्दकोडे मी सोडवून ठेवलेले असते. एक आवड रोज पुरवायची आणि दुसरी कधीच पुरवायची नाही, ही आवड नसून सक्ती आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरदार : ‘मग काय रोज बाहेरचेच खायचे?’ असे मी म्हटलेले नाही. पण बाहेरचे म्हणून आपण जे नाक मुरडतो, तेही जरा तपासून पाहू. त्याच दिवाळीत सूनबाईंनी बचत गटाच्या बायकांनी केलेल्या चकल्या विकत आणल्या होत्या. ‘विकतचा फराळ!’ एवढेच मी म्हटले होते. ज्या स्वरात म्हटले त्याची आता लाज वाटते. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, देशावरून आलेल्या हजारो कामगारांना खाणावळवाल्या बायकांनीच जगवले. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा’ उभी केली ती याच बायकांना सावकाराच्या जाचातून सोडवण्यासाठी. गुरुवारी आम्ही खिचडीबरोबर पापड खाल्ले, तेही दुकानातलेच होते. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी एका गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्यातून वाढलेल्या ‘लिज्जत’चे. आमच्या पंगतीत त्या पापडांना कोणी बाहेरचे म्हटले नाही. बाईने कष्ट करून दाम घेतला की ते अन्न बाहेरचे, आणि दाम न घेता तेच केले की घरचे, असा तर आपला न्याय नाही ना?

माझे म्हणणे एवढेच आहे. घरचे जेवण ही टिकवण्याजोगी गोष्ट आहे. एका ताटाभोवती चार माणसे बसतात, त्यातून घर उभे राहते, हे मी झोपाळ्यावर बसून म्हणत होतो आणि आज ओट्याशी उभा राहूनही म्हणतो. पण घरात सहा माणसे असताना एकीनेच रांधलेले जेवण घरचे कसे? ते तिचे जेवण. ते घरचे व्हायचे असेल तर घराचे हात त्याला लागले पाहिजेत. आणि याला कृपा करून ‘मदत’ म्हणू नका. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. मी जेवतो, तर ते काम माझे आहे.

शुक्रवारी सकाळी मी घरात हे बोलून दाखवले. आमच्या हिने चष्म्यातून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘अहो, बरे आहे ना?’ पण मी हटलो नाही. त्या रात्री मी आणि चिरंजीवांनी वरण-भात आणि बटाट्याची भाजी केली. वरण बुडाला लागले. मीठ दोघांनीही घातले. हिंग कोणत्या डब्यात आहे हे विचारायला नातवाला तीनदा पिटाळावे लागले. चाळीस वर्षे ज्या घरात राहतो तिथले डबे मला अनोळखी होते. शनिवारी मुलांनी आईला हाताशी धरून मसालेभात केला, तो मात्र उत्तम झाला. रविवारी मी माझाच हुकूम मोडला आणि पलीकडच्या आळीतल्या एका बाईंच्या घरगुती खाणावळीतून भाकरी आणि भरली वांगी आणली. त्या दिवशी आम्ही सहाजण खरोखरच एका पंगतीला बसलो.

वहीतले उरलेले तीन दिवस मी नंतर मुद्दाम वाचले. ‘शुक्रवार. आजी : शेजारच्या काकूंकडे गेली. परत येऊन मीठ जास्त आहे म्हणाली. शनिवार. आजी : पत्ते खेळली आणि जिंकली. रविवार. आजी : दिवाळी अंक वाचला. कोडे आधीच सोडवलेले होते म्हणून आजोबांना रागावली.’

माझ्या मित्रांनो, तुमच्या घरची अशी वही कोणी लिहीत नसेल, तर या दिवाळीत तुम्हीच लिहा. सात दिवसांचे सात रकाने पाडा, घरातल्या प्रत्येकाचे नाव घाला आणि खरे ते लिहा. ज्या नावापुढे रोज पदार्थाचेच नाव येईल, त्या माणसाची सुट्टी तुम्ही खाल्ली आहे, असे समजा. मग उठा आणि आधी हिंगाचा डबा शोधा.

आमच्या घरी भाऊबीजेनंतर मंडळी याही वर्षी राहणार आहेत. कोणी कोणत्या दिवशी रांधायचे, याचा कागद सूनबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराला लावून ठेवला आहे. सोमवार माझा आहे. पिठले करणार आहे. गुठळ्या होऊ नयेत म्हणून बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यावे, एवढे हिने सांगितले आहे. ‘आणि नंतर ओटा पुसायचा,’ असेही सांगितले आहे. हा अंक घरी येईल तो पहिल्यांदा तिच्या हातात द्यायचा आणि शब्दकोड्याला मी हात लावायचा नाही, असे ठरले आहे.