घरच्या मत्स्यालयातील पिलांचा हिशेब

दिवाणखान्यात मांडलेले मत्स्यालय ही आता मोजक्या श्रीमंत घरांची मिरास राहिलेली नाही. गप्पी आणि गोल्डफिश यांच्यापासून सुरू होणारा हा छंद अनेक घरांत आफ्रिकेतील सिक्लिड माशांपर्यंत येऊन पोहोचला आहे. मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या पूर्व आफ्रिकेतील तीन विशाल सरोवरांत या कुळातील शेकडो जाती विकसित झाल्या. गोड्या पाण्यातील असूनही त्यांच्या अंगावरचे निळे, पिवळे, केशरी रंग प्रवाळबेटांवरील माशांची आठवण करून देतात. त्यांची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या छंदाची खरी कसोटी मासे जगविण्यात किंवा त्यांचे प्रजनन घडविण्यात नाही. जन्मास आलेल्या पिलांचे पुढे काय करणार, या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार असण्यात ती आहे.

पाण्याचा स्वभाव

या सरोवरांचे पाणी क्षारयुक्त आणि अल्कधर्मी असते. मलावीत सामू साधारण ७.७ ते ८.६ या दरम्यान असतो, तर टांगानिकात तो ९ च्या आसपास जातो. म्हणून जाणकार हौशी टाकीच्या तळाशी प्रवाळाची वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा घालतात आणि पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखतात. येथे एक बाब विसरून चालत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि सामू जितका अधिक, तितका तो अधिक विषारी ठरतो. गाळणीत वाढणारे जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. ज्या दिवशी टाकी आणली, त्याच दिवशी मासे सोडण्याची घाई अनेकांना महागात पडते, ती यामुळेच.

हे मासे आपल्या हद्दीबद्दल अत्यंत आग्रही असतात. लहान टाकीत बलवान नर इतरांना जगू देत नाही. सुमारे चार फूट लांबीची, दोनशे लिटरची टाकी, दगडांच्या कपारी आणि एका नरामागे तीन-चार माद्या ही किमान व्यवस्था मानावी. केवळ पाण्याचेच वजन दोनशे किलो भरते, हे मांडणी करतानाच ध्यानात घ्यावे. मलावीच्या खडकांवर राहणाऱ्या जाती मुख्यतः शेवाळ खरवडून खातात. त्यांना मांसाहारी खाद्याचा अतिरेक झाल्यास पोट फुगण्याचा जीवघेणा विकार संभवतो.

मुखात वाढणारी पिढी

एवढी पथ्ये पाळली की निसर्ग आपले काम सुरू करतो. मलावीतील बहुतेक जातींची मादी अंडी घालताच ती मुखात घेते. नराच्या गुदपरावर अंड्यांसारखे ठिपके असतात. मादी ते टिपण्यासाठी पुढे सरकते आणि त्याच वेळी मुखातील अंडी फलित होतात. त्यानंतर सुमारे तीन आठवडे ती बहुधा अन्नाला न शिवता पिले सांभाळते. बाहेर सोडल्यावरही धोका दिसताच काही जातींतील पिले पुन्हा आईच्या मुखात शिरतात. मुलांना वात्सल्याचा हा पाठ घरबसल्या पाहावयास मिळावा, याहून मोठी करमणूक दूरचित्रवाणीही देऊ शकत नाही.

परंतु चक्रवाढीचे गणित बँकेच्या ग्राहकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. एका मादीची प्रत्येक वेळी वीस पिले जगली आणि वर्षातून चार वेळा असे घडले, तर ऐंशी पिले होतात. त्यांतील निम्म्या माद्या धरल्या, तर दुसऱ्या वर्षी हा आकडा तीन हजारांपलीकडे जातो. हे गणित कागदावरचे आहे. प्रत्यक्षात बरीच पिले दगावतात किंवा टाकीतील इतर मासे ती गिळतात. तरीही अल्पावधीत टाकी अपुरी पडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मित्रमंडळींना देऊन झाले, दुकानदारानेही नकार दिला की उरतात ते तळे, विहीर आणि नदी.

दुसरा धोका संकराचा. या सरोवरांतील अनेक जाती एकमेकींच्या इतक्या निकटच्या आहेत की एकाच टाकीत ठेवल्यास त्यांचा संकर होतो. अशी पिले शुद्ध जातीच्या नावाने विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. पुढे त्या जातीची ओळखच पुसली जाते, हे नुकसान पैशांत मोजता येत नाही.

कावेरीकाठचा धडा

आफ्रिकेतील एका सिक्लिडची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. मोझांबिक तिलापिया हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. प्रथिनांचा स्वस्त स्रोत मिळावा, हा त्यामागील हेतू चांगलाच होता. याही माशाची मादी पिले मुखात सांभाळते. तो लवकर वयात येतो, वर्षातून अनेकदा वितो आणि गोड्या पाण्याप्रमाणे मचूळ पाण्यातही तग धरतो. तमिळनाडूत त्याला ‘जिलेबी’ म्हणतात, तर महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयाकाठी ‘चिलापी’ हे नाव परिचित आहे. देशी मत्स्यसंपदेवरील संकट ध्यानात येऊन १९५९ साली त्याच्या प्रसारावर निर्बंध घालण्यात आले. पण तोवर मासा तळ्यांतून नद्यांत पोहोचला होता.

कुंभकोणमनजीकच्या इन्नंबूरसारख्या गावाकडे पाहिले म्हणजे हे कसे घडते, ते उमगते. तंजावरच्या भोसले राजवटीमुळे मराठी माणसाला आपलासा वाटणारा हा मुलूख कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसला आहे. नदीचे फाटे, कालवे, भातखाचरे, गावतळी आणि मंदिरांची तीर्थे यांचे जाळे येथे सर्वत्र पसरले आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील ईशान्य मोसमी पावसात पाणी एकमेकांत मिसळते. त्यामुळे एखाद्या तळ्यात सोडलेला मासा त्या तळ्यातच राहील, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. इन्नंबूरच्या शिवमंदिरातील देव अक्षरविद्येचा दाता मानला जातो आणि अक्षरओळखीसाठी मुलांना त्याच्या दर्शनास आणण्याची प्रथा आहे. पाण्याची अक्षरेही अशीच लहान वयात गिरवून घेतली, तर पुष्कळ हानी टळेल.

विशेष म्हणजे सिक्लिड कुळ भारताला परके नाही. या कुळातील तीन जाती मूळच्या आपल्या आहेत. त्यांपैकी गोव्यात ‘काळुंदर’ म्हणून परिचित असलेला मासा केरळने २०१० साली राज्यमासा म्हणून घोषित केला. नारिंगी क्रोमाइड हा त्याचा लहानखुरा भाऊबंद मत्स्यालयातही शोभतो. या दोन्ही जातींत नर-मादी मिळून पिलांची राखण करतात. परदेशी जातींच्या झळाळीपुढे या घरच्या देखण्या माशांची उपेक्षा व्हावी, हे खेदजनक आहे.

आक्षेप आणि उत्तर

मलावीचा मासा आपल्या नद्यांत जगणारच नाही, असा युक्तिवाद काही हौशी करतात. अनेक जातींबाबत तो खराही असू शकेल. परंतु पश्चिम आफ्रिकेतील ज्युएल सिक्लिड हा मत्स्यालयातील मासा अमेरिकेत फ्लोरिडाच्या जलमार्गांत स्थायिक झाला आहे, हे विसरता येत नाही. शिवाय मासा मेला, तरी त्याच्यासोबतचे परजीवी आणि रोगजंतू मागे राहू शकतात. खुद्द व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च हा परका मासा सोडला गेला आणि पुढील काही दशकांत तेथील शेकडो सिक्लिड जाती नामशेष किंवा अतिदुर्मीळ झाल्या. जेथून हे सौंदर्य आपल्या घरी आले, तेथेच अविचाराने केवढा विनाश घडविला, याचे हे उदाहरण आहे.

मोझांबिक तिलापियाच्या बाबतीत तर दैवाने विचित्र न्याय केला. जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे आणि मायदेशी मात्र नाईल तिलापियाशी होणाऱ्या संकरामुळे तोच धोक्यात आला आहे. परक्या पाण्यात आक्रमक ठरलेला हा मासा स्वतःच्या पाण्यात परक्याचा बळी ठरला!

शोभिवंत माशांचे संवर्धन हे अनेकांचे उपजीविकेचे साधन आहे, हा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. चेन्नईतील कोलत्तूर परिसरात या व्यवसायावर अनेक कुटुंबे उभी राहिली आहेत. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनास स्थान मिळाले आहे, तर किसान क्रेडिट कार्डाची सुविधा २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून मत्स्यव्यवसायास खुली करण्यात आली. म्हणून येथे बंदीची नव्हे, शिस्तीची मागणी आहे. अशा प्रकल्पाला कर्ज देताना टाक्यांची संख्या आणि अपेक्षित विक्री यांबरोबरच सांडपाण्याची व्यवस्था, जातींच्या नोंदी आणि न विकल्या गेलेल्या माशांची तजवीज याही बाबी पाहिल्या जाव्यात. घेणाऱ्याचा विश्वास टिकला, तरच असा व्यवसाय टिकतो आणि कर्जही फिटते.

घरगुती हौशींसाठी नियम सोपे आहेत. निकटच्या जाती एकत्र ठेवू नयेत. पिले नको असल्यास केवळ नरांची टाकी ठेवावी. मासा देताना त्याची जात खरी सांगावी आणि संकरित असेल, तर तसे स्पष्ट करावे. टाकी मोडायची झाल्यास मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशीला द्यावेत. पाणी बागेत जिरवावे, ओढ्यात सोडू नये. पुण्य म्हणून मंदिराच्या तळ्यात मासा सोडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. तळ्यातील मूळच्या जिवांवर त्याने संकट येणार असेल, तर ते पुण्य कसले?

कर्ज घेताना परतफेडीचा विचार आधी करावा, हे शहाणपण घराघरांत रुजले आहे. मत्स्यालयातील पहिली जोडी विकत घेतानाही तोच विचार व्हावा. पिलांचा हिशेब मांडता येत असेल, तरच तिच्यावर पैसे खर्चावेत.